'कधीच नाही' म्हणणाऱ्या सहा ओळी

गेल्या महिन्यात आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप गटावर बापूमामांनी सकाळी सहा वाजता एक चित्र पाठवलं. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात, आणि मधोमध मजकूर: 'आयुष्यात कधीच न घडणाऱ्या सहा गोष्टी'. तुमच्याकडेही तो एव्हाना आला असेल, कारण माझ्याकडे तो त्याच आठवड्यात सोसायटीच्या गटावरून आणि जुन्या विद्यार्थ्यांकडूनही आला. त्या सहा ओळी अशा:

राजकारणात कोणी कायमचा मित्र नसतो, कोणी कायमचा शत्रू नसतो.
सत्य कधीच हरत नाही.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.
वीज एकाच जागी दोनदा पडत नाही, संकटाचंही तसंच असतं.
सुटलेला बाण, बोललेला शब्द आणि गेलेली वेळ कधी परत येत नाही.
जनता कधीच चुकत नाही.

खाली अकरा जणांचे अंगठे. मामा वयाने मोठे, म्हणून गटावर मी गप्प बसले. पण एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर 'कधीच' हा शब्द दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात 'कधीच', 'नेहमीच' किंवा 'सर्वच' असेल तर ते विधान बहुधा चूक असतं, ही युक्ती मुलांना सातवीतच सापडते. मोठी झाली की विसरतात.

पहिली ओळ घेऊ, कारण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तिच्याइतकं काम दुसऱ्या कुठल्याच वाक्याला पडलं नसेल. २०१९च्या ऑक्टोबरात ज्यांनी एकत्र मतं मागितली ते नोव्हेंबरात वेगळे झाले. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी राजभवनात एक शपथविधी उरकला, २८ला शिवाजी पार्कवर दुसरा झाला, आणि त्या दुसऱ्यात वर्षानुवर्षं एकमेकांच्या विरोधात लढलेले पक्ष एका मंचावर होते. पुढे २०२२ आणि २०२३मध्ये दोन पक्ष फुटले. दर वेळी टीव्हीवर कोणीतरी हसत हसत हेच वाक्य म्हणालं. ते कोण म्हणतं याकडे मात्र लक्ष द्या. उडी मारणारा म्हणतो. ज्याला मागे टाकून उडी मारली तो हे वाक्य म्हणताना मी ऐकलेला नाही.

वाक्य मूळचं कुठलं? कधी त्याखाली अमेरिकी मुत्सद्दी किसिंजर यांचं नाव असतं, कधी चाणक्याचं. त्याचा सापडणारा उगम १ मार्च १८४८चा आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांच्यावर त्यांच्या परराष्ट्र धोरणावरून हल्ला चढवला गेला होता, आणि हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याला उत्तर देताना ते म्हणाले की आम्हाला कायमचे मित्र नाहीत आणि कायमचे शत्रूही नाहीत. आमचं हित मात्र कायमचं आहे आणि त्या हितामागे जाणं हे आमचं कर्तव्य आहे. म्हणजे वाक्याचा कणा दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि तोच अर्धा वाटेत गळून पडला. शिवाय पामर्स्टन दोन देशांबद्दल बोलत होते. देशाचं हित म्हणजे सगळ्या प्रजेचं हित, निदान तसा दावा तरी करता येतो. आमदाराने पक्ष बदलला तर त्यात 'आमचं हित' म्हणजे नेमकं कोणाचं, हा प्रश्न उरतोच, आणि अर्धं वाक्य फिरवलं की तो विचारायची गरजच पडत नाही.

गंमत म्हणजे देशांबद्दलही ते वाक्य पुरतं खरं नाही. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची मैत्री १३७३च्या तहापासूनची, १३८६मध्ये विंडसरच्या तहाने ती पक्की झाली. पामर्स्टन बोलायला उभे राहिले तेव्हा ती साडेचारशे वर्षांहून जुनी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचे तळ मिळाल्याचं चर्चिल यांनी संसदेत सांगितलं तेही त्याच चौदाव्या शतकातल्या तहाचा हवाला देऊन. आता याच तहाचं दुसरं टोक आपल्या दाराशी येतं. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा पोर्तुगालला हा जुना मित्र आठवला. ब्रिटन मदतीला उतरलं नाही. समोर राष्ट्रकुलातला भारत होता. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. तेव्हा मित्र कायमचा होता की नव्हता? तह मोडला नाही, पण वेळेला कामीही आला नाही. खऱ्या गोष्टी अशा असतात, त्यांना एका ओळीत बसवलं की त्यांचे हातपाय बाहेर राहतात.

आणि माणसांबद्दल म्हणाल तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले, १९७२ आणि १९९५मध्ये पडले, तरी शेवटपर्यंत शेतकरी कामगार पक्षातच राहिले. शेकाप राज्यभर आटत गेला तो त्यांच्या डोळ्यांदेखत. मंत्रिमंडळात ते आघाडी करून बसले, पण झेंडा बदलला नाही. म्हणजे 'सगळेच तसे असतात' हे काही निसर्गनियमाने ठरलेलं नाही. तसं असतं तर १९८५ साली संविधानात दहावी अनुसूची घालून पक्षांतरबंदी आणायची गरजच पडली नसती. १९६७मध्ये हरियाणातल्या एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि आपल्या भाषेला 'आयाराम-गयाराम' हा शब्द मिळाला. लोकांना ते खटकलं म्हणूनच तो शब्द टिकला. आज तो शब्द मागे पडला आणि पामर्स्टनचं अर्धं वाक्य पुढे आलं, यातच काय बदललं ते दिसतं.

दुसरी ओळ, 'सत्य कधीच हरत नाही'. यावर मामा नक्की म्हणतील, अगं, आपल्या राजमुद्रेवरच लिहिलंय. लिहिलंय खरं. 'सत्यमेव जयते' हे मुंडकोपनिषदातलं वचन २६ जानेवारी १९५०ला राजचिन्हाबरोबर आपलं झालं. पण उपनिषदातली ती ओळ तिथे थांबत नाही: 'सत्येन पन्था विततो देवयानः', सत्याने देवांकडे जाणारी वाट पसरलेली आहे. ऋषी ज्या वाटेने जातात त्या वाटेचं ते बोलणं आहे. जमिनीचा दावा, परीक्षेचा निकाल, पोलीस पंचनामा यांबद्दल ऋषींनी काहीही हमी दिलेली नाही.

या जगात सत्य हरतं, आणि कधी कधी सांगणाऱ्याच्या हयातीत जिंकतच नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने बायका कितीतरी जास्त मरत, इतक्या की तिथे घालू नका म्हणून बायका गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला उलगडा झाला: डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तसेच थेट बाळंतिणीपाशी येत. मे १८४७मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडे समोर, बायका जिवंत. तरी बड्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपलेच हात खुनी होते हे मान्य करायला कोणाला आवडेल? सेमेलवाइसनेही स्वतः पुस्तक लिहायला १८६१ उजाडवलं, आणि लिहिलं तेही भांडण काढत. १८६५मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून तो गेला. रोग जंतूंमुळे होतो हे पाश्चर आणि लिस्टर यांनी लावून धरलं तेव्हा कुठे त्याचं म्हणणं खरं ठरलं. सत्य जिंकलं म्हणा हवं तर. पण मधल्या वर्षांत युरोपभर ज्या बाळंतिणी गेल्या त्या या जिंकण्यात कुठे मोजायच्या?

घरचं उदाहरण त्याहून जवळचं. शिवरायांचा जन्म १६२७चा, असं बखरींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो होतो. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडे मात्र एक शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, होती आणि तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. मग परमानंद कवीच्या शिवभारत या शिवकालीन काव्याशी ती जुळते हे लक्षात आलं, जोधपूरला सापडलेल्या कुंडलीनेही दुजोरा दिला, आणि वाद घालत घालत आपण १९ फेब्रुवारी १६३० या तारखेपाशी पोचलो. यात सत्याने स्वतःहून काय केलं? ते कागदावर पडून होतं. जेध्यांनी कागद जपला, टिळकांनी छापला, संशोधकांनी ताडून पाहिला. वाळवीने तीच पानं आधी गाठली असती तर सत्य हरलं हे आपल्याला कळलंसुद्धा नसतं, आणि 'सत्य कधीच हरत नाही' हे आपण निर्धास्तपणे म्हणत राहिलो असतो. हरलेल्या सत्याची नोंद राहत नाही, त्यामुळे या म्हणीच्या विरोधात साक्ष द्यायला कोणी येतच नाही.

याच्या उलट बाजूची ओळही त्याच गटावर फिरते: सत्य बूट घालेपर्यंत खोटं अर्धं जग फिरून येतं, खाली नाव मार्क ट्वेन. ट्वेनने ते लिहिल्याचं कुठेही सापडत नाही. जवळचं वाक्य जोनाथन स्विफ्टचं, १७१०मधलं: खोटं उडत जातं आणि सत्य मागून लंगडत येतं. ट्वेनचं नाव उडत आलं, स्विफ्ट अजून लंगडतोय.

आता तिसरी ओळ. जित्याची खोड. हिच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, आणि तो आमच्या आजीमुळे नाही. (आजीने पन्नास वर्षं लावलेली मशेरी अडुसष्टाव्या वर्षी एका दिवसात सोडली, डबी तशीच फडताळात राहिली.) राग आहे तो ही म्हण एकदा कायदा झाली होती म्हणून.

१८७१चा सत्ताविसावा कायदा, गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, तर पिढीजात चोरही असलेच पाहिजेत, आणि पिढीजात म्हणजे न सुधारणारे. म्हणजे जित्याची खोडच, फक्त एका माणसाची नव्हे, तर अख्ख्या जमातीची, पाळण्यातल्या पोरासकट. आधी उत्तरेत आणि पुढे देशभर लागू झालेल्या या कायद्याने माणसांची नावं जमातीवरून नोंदवली, हजेरी लावली, गाव सोडायला परवाना आणायला लावला, कित्येकांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत घातलं. सोलापूरची सेटलमेंट आजही त्या नावाने ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला, तो कायदा गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींबद्दलची जुनी भाषा शिल्लकच होती. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाचे नियम रद्द केले तेव्हा तीही न्यायालयासमोर आली. म्हणजे खोड गेली नाही हे खरंच, पण कोणाची? फासेपारध्याच्या पोरांनी पाटी धरली, वकिली केली, पुस्तकं लिहिली. गावात चोरी झाली की आधी पालावर जायची खोड मात्र अजून जिवंत आहे.

म्हण म्हणून ती नवऱ्याच्या चहात तीन चमचे साखर घालण्याबद्दल बोलावी, माझी हरकत नाही.

विजेबद्दल लांबण लावत नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीसेक वेळा वीज पडते. अमेरिकेतले वनरक्षक रॉय सलिव्हन यांच्यावर तर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा पडली, आणि सातही वेळा ते वाचले. उंच, टोकदार, एकट्या उभ्या वस्तूवर वीज पुन्हा पुन्हा पडते, म्हणून तर मंदिराच्या कळसाशेजारी तडितरक्षक लावतात. ही ओळ निरुपद्रवी वाटते, पण वळवाच्या दिवसांत 'या झाडावर मागे पडलीय, आता नाही पडायची' म्हणून त्याच झाडाखाली उभं राहणारा शेतकरी हिच्यामुळे जिवाला मुकू शकतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगतं. सूर्याच्या चित्राऐवजी कोणी ते पुढे पाठवलं तर बरं. संकटांचं म्हणाल तर ज्याचं पीक गेलं त्याचंच पुढच्या वर्षी कर्जही थकतं. संकटं एकाच घरी परत येतात, कारण पहिल्याने दाराची कडी मोडलेली असते.

बाण, शब्द, वेळ. गेलेल्या वेळेबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती ओळ मामांची. बाणाचाही त्यातच हिशेब धरा. पण शब्द परत घेता येतो, आणि घ्यावा. विधिमंडळात असंसदीय शब्द निघाला तर अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकतात. १९१४ साली कोमागाटा मारू जहाजावरच्या हिंदी प्रवाशांना कॅनडाने व्हँकूवरच्या किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. मे २०१६मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्याबद्दल माफी मागितली. एकशे दोन वर्षांनी. 'बूंद से गई वो हौद से नहीं आती' म्हणणारे म्हणतील, काय उपयोग? उपयोग त्या प्रवाशांच्या नातवंडांना विचारावा. मला या ओळीत खटकतं ते वेगळंच. ती ऐकायला सावधगिरीचा सल्ला वाटते, पण वापरली जाते ती माफी टाळायला. बोललेला शब्द परत येतच नाही ना, मग कशाला मागायची? आमच्याच घरात एका लग्नातल्या मानपानावरून दोन बहिणी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. धाकटीने शेवटी फोन करून 'ताई, चुकलं माझं' एवढंच म्हटलं. शब्द परत गेला की नाही माहीत नाही, ताई मात्र परत आली.

उरली शेवटची, 'जनता कधीच चुकत नाही'. हिचं घरगुती रूप 'पाचामुखी परमेश्वर', आणि युरोपातलं रूप 'जनतेचा आवाज तो देवाचा आवाज'. त्या युरोपातल्या वचनाचा गाजलेला जुना उल्लेख आल्क्विन या विद्वानाने सुमारे बाराशे वर्षांपूर्वी शार्लमेन राजाला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तिथे तो लिहितो की असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, गर्दीचा गोंगाट वेडाच्या फार जवळ असतो. म्हणजे इथेही अर्धं वाक्य तेवढं पोचलं.

मी आल्क्विनच्या बाजूची नाही. त्याला राजाला सल्ला द्यायचा होता, मला मतदान करायचं असतं. पण १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर होते, फरक साडेचौदा हजारांच्या आसपास. १९५४मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. ज्या संविधानाने त्या मतदारांना मताचा हक्क दिला त्याच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. जनता कधीच चुकत नसेल तर इथे काय म्हणायचं? मी वर्गात हे शिकवायची तेव्हा एकदा एका मुलाने हात वर करून विचारलं होतं, 'बाई, मग निवडणूक रद्द करायची का?' प्रश्न उत्तम होता. लोक चुकू शकतात म्हणून तर निवडणूक पुन्हा पुन्हा घ्यायची असते. इंदिरा गांधींना लोकांनी १९७७ला घालवलं आणि १९८०ला परत आणलं. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतील, दोन्ही चूक असू शकतील, पण कोणताही शेवटचा नव्हता. न चुकणाऱ्या जनतेला दुसऱ्यांदा विचारायची गरज कोणाला वाटेल? मोठं बहुमत मिळालेल्या प्रत्येकाला ही ओळ का आवडते, हे त्यावरून ताडावं.

हे सगळं मी गटावर लिहिलं नाही. मामांना फोन केला आणि पामर्स्टनपासून सुरुवात केली. ते शांतपणे ऐकत होते. जेध्यांच्या शकावलीपाशी आल्यावर म्हणाले, 'कारीला आपली एक सोयरीक आहे बरं का.' मग कोणाची, कधीची, लग्नात काय काय झालं, यात वीस मिनिटं गेली. शेवटी मी विचारलं, मामा, तुम्हाला त्या सहा ओळी पटतात का? म्हणाले, 'अगं, सकाळी उठल्यावर सगळ्यांना काहीतरी चांगलं जावं म्हणून पाठवतो. वाचतो कोण?'

गुरुवारी ते चित्र गटावर पुन्हा आलं. आता ओळी सात होत्या, आणि खाली नाव होतं, आचार्य चाणक्य.